रतनगड-हरिश्चंद्रगड रेंज आणि पुढे हर की दून, दोन्हीला चालेल अशी हलकी सॅक कोणती घेऊ?

भटकी_नाशिकची

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी रतनवाडीतून रतनगड, तिथून कात्राबाई खिंडीने कुमशेत, मग पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक करतोय, तीन मुक्काम. मे महिन्यात उत्तराखंडातलं हर की दूनपण नक्की झालंय. आतापर्यंत दादाची जुनी 60 लिटरची सॅक वापरत आले पण मागच्या महिन्यात राजगड-तोरणा केला तेव्हा बुधला माचीवर पोचेपर्यंत खांदे इतके भरून आले की दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईनात. घरी आल्यावर रिकामी सॅक काट्याला लटकवली तर 2 किलो 400 ग्रॅम, म्हणजे आत काही भरायच्या आधीच एवढं!

माझी उंची 5 फूट 1 इंच, वजन 52 किलो. बजेट 7-8 हजार, अगदी चांगली असेल तर थोडं वर जाईन. 40 लिटर घेऊ की 50? ट्रेक सोडून एसटीने, ट्रेननेपण बरीच फिरते त्यामुळे तिथंही वापरता यायला हवी, आणि डेहराडूनला विमानाने जायचंय तर केबिनमध्ये बसली तर फारच बरं. प्लीज सांगा, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सॅक घेतेय.

कातळवाट

लिटर नंतर ठरव, आधी पाठ माप. तुझे खांदे भरून आले ते फक्त वजनाने नाही, दादाची सॅक तुझ्या पाठीला लांब पडत असणार. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली घसरला की सगळा भार खांद्यावर येतो, मग सॅक कितीही भारी कंपनीची असू दे.

मापायचं असं. मान पुढं वाकव, मानेच्या मुळाशी जे हाड सगळ्यात वर येतं तिथून टेप धर. मग दोन्ही हात कमरेवर ठेव, बोटं पुढं आणि अंगठे मागं, हाताखाली कमरेचं हाड लागलं पाहिजे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथं छेदते तिथपर्यंतचं अंतर घे. कुणाकडून तरी मापून घे, एकटीला जमत नाही. तुझ्या उंचीला 40-42 सेंमीच्या आसपास येईल असं वाटतं पण उंचीवरून धरून चालू नको, उंची सारखी असलेल्या दोघांची पाठ 4-5 सेंमीने वेगळी निघालेली मी पाहिलीय.

सोनचाफा

वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी 5 फूट, आणि सहा वर्षं पुरुषांच्या मापाची सॅक घेऊन हिंडले कारण दुकानात कुणी सांगितलंच नाही की बायकांसाठी वेगळी येते. तिचे खांद्याचे पट्टे जवळ आणि आत वळलेले असतात, छातीवर काचत नाहीत, आणि कमरेचा पट्टा कमरेच्या उताराला धरून बसतो. पहिल्यांदा पाठीवर घेतली तेव्हा मला खरंच रडू आलं, इतकी वर्षं उगाच सोसलं म्हणून.

डेकॅथलॉनच्या दुकानात बायकांच्या मापाच्या आणि पाठ वरखाली करता येणाऱ्या सॅक मिळतात, तुझ्या बजेटात तिथंच आधी बघ. ऑस्प्रेची एजा खूप हलकी आहे, सव्वा किलोच्या आसपास, पण बजेटच्या बरीच वर जाईल.

दुकानात नुसती रिकामी घालून आरशात बघू नकोस. आत 8-9 किलो भरायला सांग, नाहीतर घरून पाण्याच्या बाटल्या भरून ने. सगळे पट्टे सैल कर, आधी कमरेचा पट्टा हाडावर घट्ट आवळ, मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडं जाणाऱ्या छोट्या पट्ट्या हलकेच ओढ, छातीचा सगळ्यात शेवटी. मग वीस मिनिटं चाल, जिने चढ-उतर कर, खाली बसून बुटाची नाडी बांध. वीस मिनिटांत जिथं टोचतं तिथंच चौथ्या तासाला सालटं निघतं.

हलकं_ओझं

मी थोडं वेगळं सांगतो. सॅक बदलून फार तर 1 किलो वाचेल, खरं वजन आतल्या सामानात आहे. आधी आत काय जातंय ते एकेक करून मोज आणि इथं टाक, मग सॅक किती लिटरची लागेल ते आपोआप कळेल. मी 800 ग्रॅमची, फ्रेम (पाठीला आधार देणारा आतला कडक सांगाडा) नसलेली 40 लिटर वापरतो, एकूण ओझं 7 किलोच्या आत असतं, दिवसभर पळाल्यासारखा चालतो. 60 लिटरची सॅक घेतली की माणूस 60 लिटर भरतोच.

कातळवाट

@हलकं_ओझं, सामान मोजायचं एकदम बरोबर. पण फ्रेम नसलेली सॅक तिला आत्ता सुचवू नये असं माझं मत. 7 किलोच्या वर गेलं की ती पाठीवर गाठोड्यासारखी लोंबते, आणि या रेंजला पाणीच 3 लिटर घ्यावं लागतं म्हणजे 3 किलो तिथंच गेले. दुसरं म्हणजे आपल्याकडं करवंदीच्या जाळ्या. कात्राबाईच्या जंगलात वाट अरुंद आहे, काटे सॅकच्या बाजूच्या जाळीत अडकतात आणि आपण पुढं चालत असतो. फार पातळ कापड तिथं टिकत नाही. कापड 210 डेनिअरच्या (धाग्याच्या जाडीचं माप) आसपास असावं आणि बूड त्याहून जाड, कारण कातळावर आपण सॅक टेकवतो ती बुडावरच.

एक अनुभव सांगतो. याच वाटेवर खिंड उतरताना माझ्या तेव्हाच्या सॅकचा उजवा पट्टा वरच्या शिलाईतून उसवला, स्वस्तात घेतलेली लोकल मेक होती. कुमशेतपर्यंत सॅक एका खांद्यावर घेऊन आलो, संध्याकाळी मान वळेना. ज्यांच्या घरी जेवायला थांबलो त्या आजींनी भाताची गोणी शिवायचं दाभण आणि नायलॉनचा दोरा काढला आणि चिमणीच्या उजेडात बसून पट्टा असा शिवून दिला की पुढची दोन वर्षं हलला नाही. तेव्हापासून माझ्या सॅकच्या झाकणात दाभण आणि दोरा असतोच. आणि नवीन सॅक घेताना मी पहिल्यांदा तीच जागा बघतो, पट्टा सॅकला जोडलाय तिथं आडवी-उभी दाट शिलाई आहे का, की नुसती एकच टीप मारलीय.

भटकी_नाशिकची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 काल रात्री आईने पाठ मापली, 41 सेंमी. दादाच्या सॅकची पाठ मापली तर 50! आता कळलं पट्टा का घसरत होता.

सामानपण मोजलं. सॅक 2.4, स्लीपिंग बॅग 1.9, कॅरीमॅट 300 ग्रॅम, कपडे 2.6 (यात एक जीन्स आणि मोठा टॉवेल), जॅकेट 700 ग्रॅम, खाणं 1.8, स्टीलच्या दोन बाटल्या पाण्यासकट 2.9, बाकी टॉर्च, औषधं, पॉवर बँक, साबण वगैरे 1.3. एकूण 13.9 किलो. यातलं काय कमी करू?

हलकं_ओझं

शाब्बास, हे मोजायचं काम शंभरातले पाचजण करत असतील. जीन्स काढ, ती ओली झाली की वाळत नाही आणि वजनाने दुप्पट होते. टॉवेलऐवजी पंचा घे, अर्ध्या तासात दगडावर वाळतो. स्टीलच्या बाटल्या घरी ठेव, साध्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या 30-30 ग्रॅमच्या असतात, त्याच तीन घे. सह्याद्रीतल्या डिसेंबरला 1 किलोच्या आतली स्लीपिंग बॅग पुरते, हरिश्चंद्रगडावर वारा लागतो तेव्हा जॅकेट घालून झोपायचं. कुमशेत, पाचनईला घरगुती जेवण मिळतं, आधी फोन करून सांगितलं तर शिधाही कमी न्यावा लागेल.

माझा हिशोब: सॅक 1.4, स्लीपिंग बॅग 1, मॅट 0.3, कपडे 1.5, जॅकेट 0.5, खाणं 1, पाणी 3.1, बाकी 0.9. झाले 9.7. तुझ्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत आलीस. आणि फ्रेमबद्दल @कातळवाट यांचं मान्य, 10 किलोला फ्रेम हवी.

सोनचाफा

एवढ्या सामानाला 45-50 लिटर बरोबर. 40 मध्येही बसेल पण हर की दूनला साडेतीन हजार मीटरवर थंडी वेगळी, तिथं जाड स्लीपिंग बॅग आणि जास्तीचे कपडे लागतील.

केबिनचं मात्र मनातून काढून टाक. आपल्याकडच्या विमानांत केबिन बॅग साधारण 55 × 35 × 25 सेंमी आणि 7 किलोपर्यंत चालते, फ्रेमची 50 लिटरची सॅक उंचीतच जास्त भरते. चेक-इनला दे, फक्त सगळे पट्टे आत खोचून सॅक मोठ्या गोणीत किंवा जुन्या रेनकव्हरमध्ये घाल, लोंबणारा पट्टा विमानतळावरच्या सरकत्या बेल्टमध्ये अडकला की तुटतो. स्टोव्हचा गॅसचा डबा विमानात कुठंच चालत नाही, तो तिकडं गेल्यावरच घ्यायचा. एसटीत सॅक शक्यतो पायाशी किंवा मांडीवर घे, मागच्या डिकीत टाकली की वरून काय येऊन पडेल सांगता येत नाही.

आणि रेनकव्हरवर विसंबू नको, पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतंच. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाल आणि स्लीपिंग बॅग न् कोरडे कपडे त्यात पिळून बांध.

भटकी_नाशिकची

घेतली! बायकांच्या मापाची, 50 लिटर, पाठ वरखाली होणारी, घरच्या काट्यावर 1 किलो 480 ग्रॅम. दुकानात चार पाठीवर घेऊन बघितल्या, जी सगळ्यात हलकी होती तिचा कमरेचा पट्टा अगदीच पातळ होता म्हणून सोडली. पट्ट्याची शिलाई बोट फिरवून बघितली, दाट आहे. आज 9 किलो तांदूळ भरून बिल्डिंगचे पाच मजले चार वेळा चढले. कमरेवर मस्त बसतेय, फक्त उजव्या खांद्याला थोडं दाबल्यासारखं वाटतं, ते का?

कातळवाट

तांदूळ एका बाजूला कलला असेल, जड सामान पाठीला चिकटून आणि मधोमध आलं पाहिजे, स्लीपिंग बॅग बुडाशी. तरी दाबलं तर आधी कमरेचा पट्टा पुन्हा आवळ आणि मग उजवा पट्टा बोटभर सैल कर. ट्रेकच्या आधी एकदा पांडवलेणी भरल्या सॅकने चढून उतर, तिथं कळेल. आणि दाभण घे आठवणीने, गोणपाट शिवायचं मागितलं की किराणा दुकानात मिळतं.