बँक विमा कापतेच, मग दुकानाचा वेगळा विमा कशाला?

स्क्रीनवाली_वागळे:
नमस्कार मंडळी, वागळे इस्टेटला रोड नं. १६ जवळ आमचा तळमजल्यावर गाळा आहे, टी-शर्ट आणि पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करतो, मी, मिस्टर आणि पाच पोरं कामाला. बँकेचं ८ लाखांचं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) आहे आणि विम्याचे पैसे दरवर्षी खात्यातून आपोआप कापले जातात. मागच्या आठवड्यात आमच्याच लायनीत दोन गाळे सोडून रात्री वायरिंग पेटलं, वॉचमनने बघितलं म्हणून वाचलं, तेव्हापासून मला झोप नाही. मी म्हणते नीट विमा काढूया, मिस्टर म्हणतात बँक काढतेच की, १४ वर्षांत काही झालं नाही, तेवढ्या पैशात शाई येईल. आता गणपती मंडळांच्या ऑर्डरी सुरू होतील, गाळा छतापर्यंत भरेल. वेगळा विमा खरंच लागतो का?

कळवा_गिरणी:
ताई, लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला ते सगळ्यांना आठवतं, त्या दिवशी इकडे कळव्यात माझ्या गिरणीत कमरेएवढं पाणी होतं. मोटर गेली, ३० पोती गहू गेला, विमा नव्हता. बायकोचे दागिने गहाण ठेवून परत उभा राहिलो आणि ते सोडवायला चार वर्षं लागली. मीपण त्याआधी हेच म्हणायचो, इतक्या वर्षांत काय झालंय.

सर्व्हेची_बॅग:
मी विम्याच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरकडे काम करतो, जळालेले भिजलेले गाळे रोज बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताई, बँकेने काढलेला विमा बहुतेक वेळा कर्जाएवढाच असतो. समजा तुमच्या गाळ्यात मशीन, शाई, माल मिळून २० लाखांचं आहे आणि विमा ८ लाखांचा. आग लागून ५ लाखांचं नुकसान झालं तर लोकांना वाटतं ८ च्या आत आहे, पूर्ण मिळेल. तसं नाही होत. ८ म्हणजे २० च्या ४० टक्के, म्हणून नुकसानीचेही ४० टक्केच, म्हणजे २ लाख, आणि बँकेचं नाव पॉलिसीवर असेल तर त्यावर पहिला हक्क बँकेचा. हे ऐकून माणसं समोर रडलेली बघितलीत मी. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आलीय, एका जागेवर ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला, आग, पूर, वादळ, दंगल सगळं त्यात येतं आणि विम्याची रक्कम मालमत्तेच्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर भरपाई कापत नाहीत. तीच मागा. पण शॉर्टसर्किटने नुसतं मशीनच जळलं तर त्या मशीनचे पैसे यात नाहीत, त्यातून आग पसरली तर बाकीच्याचे मिळतात.
आणि मुख्य गोष्ट, जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर छपाई करता ना, मग पार्टीचे कोरे टी-शर्ट तुमच्याकडे पडलेले असतात. तो माल तुमचा नाही, पॉलिसीत वेगळा लिहून घेतला नाही तर त्याचं काहीच मिळत नाही आणि पार्टी मात्र पैसे तुमच्याकडेच मागणार.

स्क्रीनवाली_वागळे:
दादा, आत्ता फाइल काढली. पॉलिसीवर पत्ता आमच्या जुन्या गाळ्याचा आहे, आम्ही तीन वर्षांपूर्वी इकडे शिफ्ट झालो!! पार्टीच्या मालाचा शब्द पण नाही. मिस्टरांना दाखवलं, ते काहीच बोलले नाहीत, स्वतः मशीनची जुनी बिलं शोधायला बसले.

रबाळे_फॅब्रिकेशन:
ताई पत्ता आधी बदला, उद्याच, लेखी द्या आणि पोच घ्या. चोरीचा कव्हर वेगळा मागा, साध्या आगीच्या पॉलिसीत नुसती चोरी येत नाही, आणि चोरीतही कुलूप किंवा शटर तोडल्याची खूण लागते. पोरांसाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या. आमच्याकडे एका मुलाचं बोट प्रेसमध्ये गेलं, ईएसआय (सरकारी कामगार विमा) आम्हाला लागू नव्हतं कारण माणसं दहापेक्षा कमी, सगळा खर्च आणि भरपाई आमच्या खिशातून गेली. पैशापेक्षा त्याच्या आईला फोन करताना जे झालं ते मी विसरू शकत नाही. शिवाय पाचही जणांना बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा काढायला लावा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख.

सर्व्हेची_बॅग:
अजून एक, खरेदीची बिलं आणि स्टॉकचा हिशोब गाळ्यातच ठेवू नका, माल जळतो तेव्हा कागदपण जळतात. दर शनिवारी मोबाईलवर गाळ्याचा व्हिडिओ काढून ईमेलला टाकून ठेवा. आणि पाणी शिरलंच तर आम्ही येऊन बघेपर्यंत भिजलेला माल फेकू नका, लोक घाईघाईत साफ करून टाकतात आणि मग दाखवायला काही उरत नाही.

स्क्रीनवाली_वागळे:
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी दोघं बँकेत जातोय, पत्त्याचं पत्र लिहून तयार आहे. मंडळांचा माल यायच्या आधी नवीन पॉलिसी हातात पाहिजे, मिस्टर आत्ता पार्टीच्या टी-शर्टांची गठ्ठ्यागणिक मोजणी करतायत.