घेणं वेगळं, टाकणं वेगळं

पूर्वी ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे न थांबता धावत्या रेल्वेगाडीतून लोखंडी आकड्यानेच टपालाच्या थैल्या उचलत, असं म्हणतात. अमेरिकेपुरतं ते खरं आहे. तिथे रुळांकडेच्या खांबाला थैली टांगत, तीही मधोमध आवळून बांधलेली, म्हणजे डब्याच्या दाराशी बसवलेल्या लोखंडी आकड्यात ती बरोबर कंबरेत अडकायची. पण उतरवायच्या थैलीसाठी तसलं काही नव्हतं. टपाल कारकून ती सरळ लाथेने बाहेर ढकलायचा! थैली चाकांखाली ओढली गेली की पत्रांचा पार चिवडा.

ब्रिटनमध्ये मात्र देणं आणि घेणं, दोन्हींना जाळी होती. गाडीतून टाकायच्या थैल्या जाड चामड्याच्या वेष्टणात बांधून डब्याबाहेर काढलेल्या दांड्याला लटकवत, त्या रुळांकडेच्या जाळीत पडत. घ्यायच्या थैल्या खांबावर टांगलेल्या असत, त्या डब्याच्या बाहेर उघडलेल्या जाळीत येत. खरं कसब वेळेचं. जाळी लवकर उघडली तर वाटेतल्या पुलाला किंवा सिग्नलच्या खांबाला धडकणार, उशीर झाला तर टपाल मागेच राहणार. रात्री अंधारात कुठला पूल गेला हे नुसत्या चाकांच्या आवाजावरून ओळखणारे कर्मचारी होते. मला त्या जाळीपेक्षा त्यांच्या कानांचंच जास्त कौतुक वाटतं.

आणि हे फार जुनं नाही बरं का. ब्रिटनमधली शेवटची अशी देवाणघेवाण उत्तर इंग्लंडमधल्या पेनरिथ गावाजवळ झाली, ऑक्टोबर 1971 मध्ये. इंग्लंडमधल्याच डिडकॉटच्या रेल्वे संग्रहालयात ही यंत्रणा जपून ठेवली आहे, तिकडे जाणार असाल तर प्रात्यक्षिकाचा दिवस आधी विचारून घ्या.