रेड अलर्ट असेल तर घरून काम आदल्या रात्रीच जाहीर करा, पटतंय का?

ठाकुर्लीकर:
माझं सरळ म्हणणं आहे, संध्याकाळी मुंबईला रेड अलर्ट आला की ज्यांचं काम लॅपटॉपवर होतं त्यांना रात्री नऊच्या आत सांगून टाका की उद्या येऊ नका. आमच्याकडे मेसेज सकाळी साडेदहाला येतो, तोवर मी कुर्ला-सायनच्या मध्ये, रुळांवर पाणी, सिग्नल बंद, गाडी पुढेही नाही नि मागेही नाही. मागच्या खेपेला घरी पोचायला पावणेबारा वाजले, आई दारातच बसून होती.

परळचा दुकानदार:
त्रास खराच आहे हो, पण अलर्टवर शहर बंद करणं मला पटत नाही. दोनदा दुकान बंद ठेवलं आणि दिवसभर नुसती भुरभुर, पोरांचा रोज बुडाला तो बुडालाच. रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४ मिमीच्या वर पडू शकतो, पण कुलाब्यात कोरडं आणि बोरिवलीत धो धो हे दर वर्षी बघतोच की आपण. आधी नाले नीट करा, जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली!

ठाकुर्लीकर:
अहो ५० मिमीची केली तरी मोठ्या भरतीला पाणी समुद्रात जातच नाही, उलटं आत येऊ नये म्हणून दारं बंद करावी लागतात, मग सगळा भार पंपांवर. आणि साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच माहीत असतात. निदान अलर्ट आणि अशी भरती एकाच दिवशी आली तर तरी माणसं घरी ठेवा.

रात्रपाळी_सिस्टर:
आम्हाला घरून काम नाहीच. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तेव्हाही वॉर्ड चालूच होते. गेल्या वर्षी माझ्या जागी येणारी मुलगी ट्रेनमध्ये अडकली, मी सलग बावीस तास उभी. लॅपटॉपवाले घरी राहिले तर तिला गाडीत शिरायला जागा तरी मिळेल. आणि ते दुपारी तीनला सगळ्यांना एकदम सोडणं आधी थांबवा, दादरच्या पुलावर जीव गुदमरतो.

परळचा दुकानदार:
ताई, तुमचं पटलं, भरतीचंही. पण रोजंदारीवाल्याचं काय ते कोणीच बोलत नाहीये. अर्धा रोज मी देईन, उरलेला अर्धा कोण देणार?