मदत हवी आहे: पुणे-गोवा सायकल राईड, ग्रुप एकत्र राहत नाही

स्नेहल_वारजे
नमस्कार. लवकर उत्तरं आली तर बरं होईल, रविवारी सगळ्यांना पुढच्या आठवड्यांचा प्लॅन द्यायचा आहे.

आम्ही ८ जण डिसेंबरात पुण्याहून गोव्याला सायकलने निघतोय. ५ दिवस, रोज साधारण १२० किमी. ऑगस्टपासून तयारी चालू आहे. सात जणांचं व्यवस्थित चाललंय. एकजण मात्र प्रत्येक राईडला मागे पडतो. परवा ९० किमी केले, तर शेवटी आमच्यात आणि त्यांच्यात पाऊण तासाचं अंतर. बाकीचे थांबून थांबून कंटाळतात, मग पुढच्या राईडला कोणी थांबतच नाही.

सात आठवडे उरलेत. त्यांचा सरासरी वेग ताशी १६ किमीवरून २२ वर न्यायचा आहे. इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग हळू, पुन्हा जोरात), जिम, खाणं, काय करायचं ते नेमकं सांगा. कृपया 'सावकाश जा' एवढंच सांगू नका, सुट्ट्या मंजूर झाल्या आहेत.

रानवाटा
कुठल्या रस्त्याने? सातारा-कोल्हापूर करून आंबोली उतरणार असाल तर एक उत्तर, समुद्राकाठाने जाणार असाल तर पूर्ण वेगळं. सायकली कोणत्या, सोबत गाडी आहे का, सामान कोण वाहणार, डिसेंबरात नक्की कधी? काहीच लिहिलेलं नाही.

बीआरएमवाला
२२ चा आग्रह कशासाठी? २०० किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राईडला, साडेतेरा तास मिळतात. चहा, जेवण, पंक्चर सगळं त्यातच. म्हणजे ताशी १५ सुद्धा लागत नाही. मी पहिली २०० केली तेव्हा माझा चालता वेग (थांबे सोडून) १९ होता आणि तासभर राखून पोचलो, कारण फक्त चार वेळा थांबलो. माझा सल्ला सरळ आहे: नोव्हेंबरात आठही जणांनी एक २०० करा. कोण किती पाण्यात आहे ते एका दिवसात कळेल.

चाकवाला
गिअरच्या चक्रांना पुढे किती दात, मागे किती? ते आधी सांगा. निम्म्या वेळा माणूस मागे पडत नाही, गिअर कमी पडतात.

स्नेहल_वारजे
रस्ता सागरी. ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर, बाणकोट खाडी, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला, गोवा. २५ ला निघून २९ ला पोचायचं. गाडी नाही, प्रत्येकाच्या मागे पॅनियर (कॅरियरला लावायच्या पिशव्या). त्यांची रोड बाईक आहे, पुढे ५०-३४, मागे ११-२८.

दापोलीकर
ताई, हा रस्ता ५ दिवसांत होणार नाही. नकाशावर समुद्राकाठाने जाणारी रेघ सपाट दिसते. इथे प्रत्येक खाडीपाशी रस्ता शून्यावर उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढतो. दिवसभर तेच. चढ लांब नसतात, पण उभे असतात. शिवाय बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन फेरीबोटी आहेत. एक फेरी डोळ्यांदेखत सुटली की पुढची येईपर्यंत जेट्टीवर बसायचं.

त्यात तुम्ही २५ ते २९ डिसेंबर निवडलाय! त्या आठवड्यात अख्खं पुणे-मुंबई आमच्याकडे असतं. अरुंद रस्ता, वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या, आणि खोली आयत्या वेळी कुठेच मिळत नाही. दोन आठवडे आधी या.

निनाद_ठाणे
सरळ महामार्ग ६६ पकडा. खाड्यांवर पूल आहेत, फेरीची भानगड नाही. आम्ही पनवेल ते सावंतवाडी चार दिवसांत केलं.

दापोलीकर
निनाद, ट्रकच्या शेजारून चार दिवस चालवायचं तर कोकणात यायचं कशाला? कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट ६६ वर आहेतच की. सपाट तोही नाही.

निनाद_ठाणे
सपाट आहे असं म्हटलंच नाही. महामार्गाचा चढ एकसारखा असतो, पाय एका लयीत राहतात. सड्यावरचे चढ उठून उभं राहून मारावे लागतात, त्याने गुडघे जातात. आठ जणांना घेऊन जाताना हे बघायला हवं.

चाकवाला
३४-२८ आणि मागे १२ किलो सामान. हिशेब करा. ३४-२८ ला ६० कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) धरला तर ताशी ९ च्या थोडं वर जाता. उभ्या चढावर सामान घेऊन ९ राखणं ताकदवान माणसालाही जड, म्हणजे कॅडन्स ४५-५० वर येतो आणि सगळा भार गुडघ्यावर. मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बसवा. तोच ६० कॅडन्स साडेसात-आठच्या वेगाला मिळेल. मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ झेपतं का ते दुकानात दाखवून घ्या, चेनही कदाचित बदलावी लागेल. सात आठवड्यांच्या जिमपेक्षा याचा उपयोग जास्त.

आजोळ_मालवण
मालवणात मुक्काम असेल तर जेवायला खानावळीतच जा, मोठ्या हॉटेलात नको. बांगडा, सोलकढी, आणि सकाळी निघताना घावणे-चटणी. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याचं सांबार. गणपतीपुळ्याला मोदक.

बीआरएमवाला
सोलकढी राईडच्या मधे नको, संध्याकाळी घ्या. चालवताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. दोन मध्यम केळी म्हणजे पन्नासेक ग्रॅम. खजूर, राजगिऱ्याची चिक्की खिशात ठेवा. मागे पडणारा माणूस खातो का, हे कोणी पाहिलंय? बहुतेक वेळा गाठायच्या नादात तो खायचंच विसरतो.

श्वेता_चिंचवड
आणखी एक. तुम्ही माथ्यावर त्यांची वाट बघता आणि ते दिसले की लगेच निघता, असंच होतं ना? म्हणजे सात जणांना वीस मिनिटं विश्रांती आणि ज्याला सर्वात जास्त गरज त्याला शून्य. आमच्या ग्रुपमध्ये मी शेवटची असायचे. दोन वर्षं हे सोसलंय. मग नियम केला: शेवटचा माणूस पोचल्यावर दहा मिनिटांचं घड्याळ सुरू. त्याच्या मागे कायम एकजण पंप, ट्यूब आणि हत्यारं घेऊन, आणि ती पाळी रोज बदलायची. अंतर आपोआप कमी झालं.

स्नेहल_वारजे
हो, असंच होतं. हे लक्षातच आलं नव्हतं.

पण सगळे गिअर आणि खाण्यावर बोलताय. मला वाटतं मूळ प्रश्न मेहनतीचा आहे. आम्ही सगळे हार्ट रेट बघून चालवतो. चढावर आमचा १४५-१५५ जातो. त्यांचा १०५ च्या वर जातच नाही! झोन ३ चे, म्हणजे ठोके ठरलेल्या मधल्या पट्ट्यात ठेवायचे, इंटरव्हल दिले तर ते एकदाही झोनमध्ये गेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, 'पूर्ण जोर लावतोय.' घड्याळ तर वेगळंच सांगतं.

मृणाल_एमडी
वय किती? बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का? गोळीचं नाव माहीत असेल तर लिहा. उत्तर येईपर्यंत इंटरव्हल बंद ठेवा.

रानवाटा
आणि स्नेहल, तुम्ही पहिल्यापासून 'त्यांच्यात', 'त्यांचा' लिहिताय. कोण आहेत हे?

स्नेहल_वारजे
माझे बाबा. वय ६३. लिहायची गरज वाटली नाही, सायकल चालवताना वय काढलेलं त्यांना आवडत नाही.

बीपीची गोळी आहे, तीन वर्षं झाली. डबीवर मेटोप्रोलॉल लिहिलंय.

मृणाल_एमडी
मग उत्तर त्या डबीतच आहे. मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर. हृदयाचे ठोके वाढू न देणं हेच त्याचं काम. तुमच्या घड्याळातले झोन बहुधा '२२० वजा वय' या सूत्रावर बेतलेत, म्हणजे त्यांच्यासाठी १५७ धरून. ही गोळी घेणाऱ्याला ते सूत्र लागूच होत नाही. बाबा १०५ ला खरोखर पूर्ण जोर लावत असतील. ते खरं सांगत होते.

आता नीट वाचा.
गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डोसही कमी करायचा नाही. अचानक थांबवणं धोक्याचं असतं.
ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना 'रोज सात-आठ तास सायकल, सलग काही दिवस' हे स्पष्ट शब्दांत सांगा. ते ईसीजी, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट बघतील आणि गोळी तीच ठेवायची की दुसरी, ते ठरवतील. छातीत जडपणा, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काही आजवर झालं असेल तर तेही सांगा.
तोवर घड्याळ काढून ठेवा. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय, एवढाच जोर. वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका.

सौरभ_ई
काकांना ई-बाईक घ्या. हल्ली चांगल्या मिळतात, चढाची चिंता नाही.

श्वेता_चिंचवड
सौरभ, ते काही मागितलेलं नाही. आणि तीन वर्षं गोळी घेऊन ९० किमी पार करणाऱ्या माणसाला ई-बाईक सुचवू नका.

स्नेहल_वारजे
उत्तर द्यायला दोन दिवस लागले. मी त्यांना सहा आठवडे 'बाबा, तुम्ही प्रयत्नच करत नाही' असं सगळ्यांसमोर म्हणत होते. काल रात्री त्यांच्याशी बोलले. त्यांना गोळीचं हे माहीतच नव्हतं. ते म्हणाले, मला वाटलं वय झालं.

शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. प्लॅन नव्याने करायचाय. बाबा एसटीत होते, ११ वर्षं गुहागर आगारात. त्या रस्त्याने सायकलवर जायचं हे त्यांच्या मनात कधीपासून आहे. गोवा आमच्या ऑफिसच्या मंडळींनी घातलं. आता बाबांना विचारलं तर म्हणाले, मला रत्नागिरीपर्यंतच जायचं होतं.

दापोलीकर
मग झालं की! ५ दिवसांत रत्नागिरी सुखाने होतं. माणगाव, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, रत्नागिरी. शेवटच्या दिवशी तवसाळहून फेरीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, मग आरे-वारे. वरून दोन्ही किनारे दिसतात, तिथे थांबाच. ज्यांना गोवा हवाच आहे त्यांनी पुढच्या सुट्ट्या काढाव्यात.

बीआरएमवाला
तयारीचं: शनिवार-रविवार सलग चालवा. शनिवारी ६०, रविवारी ५०, सामान लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसता येतं का, ही खरी परीक्षा. तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथा हलका. आठवड्यात एकदा बोपदेव घाट. शेवटचे दहा दिवस फक्त पाय मोकळे करायचे. बाबांसाठी अर्थात डॉक्टरांचा होकार आल्यावरच. ब्रेव्हेचं मागे घेतो, या ग्रुपला त्याची गरज नाही.

रानवाटा
ताम्हिणीच्या उतारावर सामानासकट ब्रेक धरून ठेवू नका. धरा, सोडा, धरा. रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर दाबणारे) असतील तर मधे थांबून रिम किती तापली ते बघा. आणि पॅनियर बाबांच्या सायकलवरून काढून वाटून घ्या. सात जणांना प्रत्येकी दीड-दोन किलो जास्त, काही बिघडत नाही.

स्नेहल_वारजे
डॉक्टरांकडे जाऊन आलो. ईसीजी ठीक. स्ट्रेस टेस्ट पुढच्या आठवड्यात, तोपर्यंत सपाट रस्त्यावर ३० किमी, बोलता येईल इतपत. गोळी बदलायची का ते टेस्टनंतर. कॅसेट ११-३४ मागवली. तारीख ११ डिसेंबर केली, त्यामुळे दोघांना सुट्टी मिळत नाही, आता सहाच जण. गोव्याचा आग्रह धरणाऱ्या एकीशी थोडं वाजलंही.

आज सकाळी खडकवासल्यापर्यंत गेलो. बाबा पुढे, मी मागे. गुहागर ते तवसाळ रस्त्यावर कुठल्या वळणाला गाडी कशी घासायची, कुठल्या स्टॉपवर कोण चढायचं, सगळं सांगत होते. वाक्य एकदाही तुटलं नाही.

दापोलीकर, दाभोळची पहिली फेरी किती वाजता असते?

दापोलीकर
वेळा बदलतात, आदल्या संध्याकाळी हर्णैहून मला इथे लिहा, जेट्टीवर विचारून कळवतो. आणि फेरीत बसल्या बसल्याच गिअर सर्वात हलका करून ठेवायला सांगा बाबांना. धोपाव्याला उतरलात की लगेच चढ आहे. पण ते ऐकून तेच मला सांगतील, तो रस्ता त्यांचाच.