रोजनिशी, रोजकीर्द, दैनंदिनी : जुन्या दफ्तरातल्या वहीला काय म्हणावे?

प्रश्न

एका जुन्या घराण्याचे कागद पुरालेखागाराकडे सोपवायचे ठरले आहे. त्याआधी त्यांची यादी करायचे काम आम्ही काही जण करत आहोत. बहुतेक कागद मोडीत आहेत. पत्रे, सनदांच्या नकला, वाटणीपत्रे ओळखता येतात. अडले आहे ते वह्यांपाशी. काही वह्यांत तारीखवार मजकूर आहे. आमच्यातला एक जण तिथे 'दैनंदिनी' लिहितो, दुसरा 'रोजनिशी', तिसऱ्याने सरळ 'डायरी' लिहून टाकले आहे. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे धरावेत का? 'रोजनिशी'त 'निशा' आहे, म्हणजे रोज रात्री लिहायची वही, असेही कुणी सांगितले. ते कितपत खरे? आणि सगळ्या संग्रहाला 'कौटुंबिक कागदपत्रे' म्हटले तर चालेल का?

उत्तर

निशेचा इथे काहीही संबंध नाही. 'रोजनिशी'तला 'निशी' फारसी 'नविसी'वरून आला आहे. नविसी म्हणजे लिहिण्याचे काम, आणि लिहिणारा तो नवीस. मराठीत आल्यावर नवीसचा 'नीस' झाला आणि तो आपल्या आडनावांत जाऊन बसला : फडणीस, चिटणीस, पारसनीस, वाकनीस. फडणिसाचे काम ती फडणिशी, चिटणिसाचे ते चिटणिशी. तसेच रोजचे लिहिणे ती रोजनिशी. ऱ्हस्वदीर्घही त्यामुळे लक्षात राहते. 'फडणीस' अकारान्त, म्हणून उपान्त्य दीर्घ. 'रोजनिशी'त शेवटचा स्वर दीर्घ, म्हणून 'नि' ऱ्हस्व. 'रोजनीशी' हे रूप नेहमी दिसते, पण ते चुकीचे.

यांपैकी वाकनिसाकडे जरा थांबून पाहावे. वाकिया म्हणजे घडलेली गोष्ट, आणि ती टिपणारा तो वाकनीस. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत या पदाला 'मंत्री' हे संस्कृत नाव मिळाले. राजाच्या रोजच्या कारभाराची नोंद ठेवणे हे त्याचे काम. म्हणजे आपल्याकडे रोजनिशी आधी पदाची आणि कचेरीची होती. मनातले लिहायची वही हा तिचा अर्थ फार नंतरचा आहे. जुन्या वहीवर 'रोजनिशी' लिहिताना हा क्रम डोक्यात असू द्यावा.

दुसरे उत्तर

वरच्या उत्तराला माझी पुष्टी. या क्रमाचा विसर पडल्यामुळे वाचकांचा केवढा गोंधळ होतो, त्याचे एक मोठे उदाहरण देतो. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातून काढलेले वेचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खंडाखंडांनी छापले गेले. मराठीत त्यांचे नाव 'सातारकर राजे व पेशवे यांची रोजनिशी', इंग्रजीत 'डायरीज'. नाव वाचून माणूस पेशव्याच्या मनात डोकवायला जातो आणि आत त्याला काय मिळते? अमक्या गावाला दुष्काळामुळे सूट दिली, तमक्याची नेमणूक केली, एका वतनाचा तंटा तोडला, कुणाला दंड केला, कुठल्या देवस्थानाला तेलवातीची सोय लावून दिली. पेशव्याला त्या दिवशी काय वाटले, यावर अक्षरही नाही.

मला विचाराल तर यातच त्या खंडांची श्रीमंती आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली या रोजनिशांवर निबंध वाचला, तेव्हा त्यांनीही याच बाजूवर भर दिला. लढाया आणि तह बखरींत सापडतात. राज्य रोज कसे चालत होते आणि लोक कसे जगत होते, ते या कोरड्या नोंदींतून कळते.

आता शब्दाकडे. वाडांनी ज्या कागदांतून हे वेचले, त्यांतल्या मोठ्या भागाला दफ्तरातले नाव 'रोजकीर्द'. 'कीर्द' हाही फारसीच, 'करणे' या क्रियापदाच्या घराण्यातला. म्हणजे रोजकीर्द ही त्या दिवशी काय केले, काय आले, काय गेले, याची वही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात 'शाहू दफ्तर', 'रोजकीर्द', 'घडणी', 'प्रांत अजमास' असे विभागच आहेत, आणि ही नावे बाहेरून डकवलेली नाहीत. त्या कचेरीत कागद तयार करणाऱ्यांच्या तोंडचीच ती. शिवाय 'कीर्द' मेलेला शब्द नाही. मराठीतून वाणिज्य शिकलेल्याला कीर्द आणि खतावणी विसरता येत नाहीत : आधी तारखेने कीर्दीत लिहायचे, मग खात्यावार खतावणीत चढवायचे.

म्हणून तुमच्या वह्या उघडून आधी एवढेच पाहा. तारखेखाली 'जमा' आणि 'खर्च' असे मथळे पडले असतील, तर ती रोजकीर्द. मग तिच्यात मुलीच्या लग्नाची किंवा घरातल्या मृत्यूची ओळ सापडली तरीही. (अशा ओळी सापडतात बरं, कारण लग्नाला आणि दिवसांना खर्च होतो. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने खर्चाचे रकाने पत्रांइतक्याच आस्थेने वाचावेत.) पैशाचा हिशेब नसून घडलेल्या गोष्टी, आलेगेलेले लोक, दिलेले हुकूम असतील तर रोजनिशी.

'दैनंदिनी' मी जुन्या वहीला लावणार नाही. संस्कृत 'दैनंदिन'वरून घडवलेला तो नवा शब्द आहे. छान आहे, पण मोडी वहीवर परका वाटतो. 'वासरी'ची तीच गत. विसाव्या शतकातली छापील, तारखा घातलेली वही निघाली तर 'डायरी' लिहायला मुळीच संकोच नको. ती आणणारा माणूसही तिला डायरीच म्हणत होता. पोलिस ठाण्यात आजही 'स्टेशन डायरी' असते, आणि खरे पाहता तीच जुन्या अर्थाची रोजनिशी : ठाण्याची, माणसाची नव्हे.

तिसरे उत्तर

'कौटुंबिक कागदपत्रे' नको. एक तर आज हे शब्द ऐकले की रेशनकार्ड आणि जन्मदाखले डोळ्यांपुढे येतात. दुसरे म्हणजे जुन्या पत्रांत 'कुटुंब' म्हणजे पुष्कळदा नुसती बायको. 'कुटुंबास आणावयास माणूस पाठविला' असे वाक्य आले, तर सगळे घर हलले असे समजू नये.

यासाठी मराठीत वापरून गुळगुळीत झालेला शब्द तयार आहे : दफ्तर. आडनाव पुढे ठेवायचे आणि दफ्तर म्हणायचे. दिल्ली दरबारी पेशव्यांचे वकील असलेल्या हिंगण्यांचे कागद ते हिंगणे दफ्तर, तसे चंद्रचूड दफ्तर, कोट्याच्या गुळगुळ्यांचे गुळगुळे दफ्तर, नाना फडणिसांच्या वाड्यातले मेणवली दफ्तर. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत राहून पटवर्धनांच्या दफ्तरांवर आयुष्य घातले, आणि त्यांच्या लेखसंग्रहावाचून उत्तर पेशवाईचा अभ्यास पुढे सरकत नाही. या नावांत घर, कचेरी आणि सत्ता एकत्र आहेत, आणि कागदांतही ती तशीच एकत्र असतात. देशमुखाच्या घरात एका बासनात वतनाचा निवाडा, सावकाराचे खत आणि सुनेच्या माहेरचे पत्र सापडते. त्याला निव्वळ 'खासगी' म्हणणे चूक आणि निव्वळ 'सरकारी' म्हणणेही चूक.

कारीच्या जेध्यांचेच पाहा. त्यांच्या घरी जपलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली छापली गेली. शकावली म्हणजे शकवार, सालवार टिपणांची माळ. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यात आहे. त्याच घराण्याचा 'करीना'ही आहे. करीना म्हणजे घराण्याची हकिकत, बहुधा हक्क आणि सेवा सांगण्यासाठी लिहिलेली. एकाच घरातले हे दोन कागद, पण घाट वेगळा, हेतू वेगळा. दोन्हींना 'इतिहासविषयक टिपण' म्हटले असते तर काय हाती लागले असते?

तुमच्या प्रश्नातला 'यादी' हा शब्दही जपून वापरा. दफ्तरात 'यादी' किंवा 'याद' हा कागदाचाच एक प्रकार आहे : स्मरणासाठी वा मागणीसाठी कलमवार लिहिलेले टिपण. तुम्ही करत आहात तिला 'सूची' म्हणा, नाहीतर 'यादींची यादी' लिहायची पाळी येईल. 'कैफियत' तशीच. आज कैफियत मांडणे म्हणजे गाऱ्हाणे सांगणे. दफ्तरातली कैफियत हे अंमलदारापुढे दिलेले सविस्तर निवेदन असते आणि त्यात तक्रार असेलच असे नाही.

प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. अजून तीन शंका. दफ्तर की दप्तर? कागद कापडाच्या गाठोड्यांत आहेत, त्यांना काय लिहावे? आणि एका वहीत तारखेऐवजी 'छ' असे अक्षर, पुढे आकडा आणि मग 'रबिलावल' आहे. शेजारी 'इहिदे सितैन मया व अलफ' अशी शब्दांची ओळ आहे. हे कुणाचे नाव आहे का?

उत्तर

दोन्ही रूपे चालतात. उच्चारात 'दप्तर' रुळले, 'दप्तरी दाखल' आणि मुलांचे दप्तर त्यातूनच आले. इतिहासाच्या लेखनात 'दफ्तर' टिकून आहे, म्हणून सूचीत तेच ठेवा, आणि मुख्य म्हणजे सगळीकडे एकच ठेवा.

गाठोडे म्हणजे 'रुमाल'. चौकोनी कापडात कागद बांधायचे, त्या कापडाचे नाव पुढे मापाचेच झाले. पेशवे दफ्तर असे हजारो रुमालांत आहे, आणि अभ्यासक संदर्भ देताना रुमालाचा क्रमांक देतो. पोथीभोवतीच्या कापडाला बासन म्हणतात. 'बासनात गुंडाळणे' तिथलेच. पदे, अभंग, आरत्या उतरवलेली जाड वही निघाली तर ते 'बाड'. रामदासी मठांतली बाडे प्रसिद्धच आहेत. एक कळकळीची विनंती : रुमाल सोडून कागद विषयवार लावू नका. कुठला कागद कशाशेजारी बांधला होता, ही माहिती कागदावर लिहिलेली नसते. रुमाल मोडला की ती कायमची जाते.

'छ' म्हणजे चंद्र, चांद्र महिन्यातला दिवस. 'रबिलावल' हा हिजरी महिना. शेजारची ओळ हे नाव नाही, ते साल आहे, अरबी संख्याशब्दांत लिहिलेले : इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११६१. हा सुहूर सन. तो मृगाला बदलतो, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. इसवी सन काढायला साधारणपणे मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्यामुळे ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपताचे साल. ती वही जपून हाताळा, आणि तिच्यातल्या नोंदींचा इसवी दिनांक सूचीत देताना मूळ ओळही जशीच्या तशी उतरवा. पत्रांच्या पाठीवर 'पै॥ छ' असे दिसले तर ती 'पैवस्ती', म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. लिहिल्याची तारीख म्हणून ती चुकूनही घालू नका.

दुसरे उत्तर

यात एक भर. सूचीत दोन रकाने ठेवा : एक 'कागदावरील नाव', दुसरा 'आमचे वर्णन'. वहीवर 'खर्डा' लिहिले असेल तर पहिल्या रकान्यात खर्डाच येईल. दुसऱ्यात 'पत्रांचे कच्चे मसुदे' असे सुचेल तसे लिहा. आज 'खर्डेघाशी' या शब्दाने आपण कारकुनाला हिणवतो, पण पाठवलेले मूळ पत्र पलीकडच्या घरी नष्ट झालेले असते, तेव्हा त्यातला मजकूर या खर्ड्यातूनच कळतो. वहीवर नाव नसेल तर पहिला रकाना कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका.

प्रश्नकर्ता

दोन रकान्यांची कल्पना आजपासूनच अमलात आणतो. 'दैनंदिनी' लिहिलेल्या वह्या पुन्हा उघडून पाहिल्या. बहुतेकांत जमाखर्च आहे, त्या रोजकीर्दीत गेल्या. एकीत मात्र पाऊस, पीक, पाहुणे आणि आजारपणे एवढेच आहे, पैशाचा आकडा नाही. तिला 'रोजनिशी' लिहिले आहे.