बिअर शॉपी रात्री बारापर्यंत? सही करण्याआधी बोलूया

मानेवाडाकर:
नागपुरातल्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, एक कागद घरोघर फिरतो आहे. कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीची वेळ रात्री साडेदहाऐवजी बारापर्यंत करावी, रहिवाशांची हरकत नाही, असा मजकूर आणि खाली सह्या. दुकानदार म्हणतो, ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारने दुकानांना चोवीस तास उघडं राहायची मोकळीक दिली, शेजारचं डेली नीड्स उशिरापर्यंत चालतं, मग आम्हीच शटर काऊन पाडायचं? त्या आदेशातून दारूविक्री मुद्दाम वगळली आहे, हे तो सांगत नाही.

मी सही केलेली नाही. माझं भांडण पिण्याशी नाही. दुकानासमोर मोकळा प्लॉट आहे. बाटली घेतली की लोक तिथेच बसतात, पानठेल्यावरून चखना येतो, गाड्या रस्त्यात आडव्या लागतात. ट्यूशनहून येणाऱ्या मुली मागच्या गल्लीने वळसा घालून घरी जातात. शटर पडलं की तासाभरात हे पांगतं आणि मग कुठे लोकांना झोप लागते. दुकान बारापर्यंत गेलं की हे पांगायला एक वाजेल.

आणखी एक. वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायला कायद्यात वाट आहे: 25 टक्के मतदारांचा अर्ज, सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). सोसायटीत नवीन बिअर शॉपी काढायला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल, असं मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर झालं. दुकान येताना शेजाऱ्यांना विचारायचं, घालवताना विचारायचं, आणि रात्री किती वाजेपर्यंत चालवायचं ते मात्र विचारायचं नाही? वेळ वाढवायची तर तीही मतदानाने वाढावी. या कागदावर मी पाहिलेल्या सह्या बहुतेक पुरुषांच्या आहेत, त्यातले बरेच तिथलंच गिऱ्हाईक.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट:
ताई, मी सही केली आहे, कारण सांगतो. माझी शिफ्ट अकराला सुटते. स्टाफ बस चौकात सोडते तेव्हा बारा वाजत आलेले असतात. कधीमधी घरी जेवणाबरोबर एक बिअर घ्यावीशी वाटते, तर दुकान बंद. उघडं काय असतं? बार. आपल्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तो दीडपर्यंत चालतो. तिथे तीच बाटली महाग, वर पिऊन गाडीवर घरी यायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये सापडलो तर 10,000 रुपये दंड किंवा तुरुंग, आणि कोणाला धडकलो तर त्याचं घर उघड्यावर. घरात बसून पिणाऱ्याला दुकान बंद, बाहेर पिऊन गाडी चालवणाऱ्याला बार चालू. प्लॉटवर बसणाऱ्यांची शिक्षा मला कशाला?

निवृत्त_मास्तर:
सुट्टीच्या दिवशी आणून ठेवता येते. एका बाटलीसाठी सगळ्या ले-आउटने जागावं, हे पटत नाही.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट:
मास्तर, दोन खोल्यांत आई, बायको, दोन पोरं राहतात. दारू घरात साठवायची नाही असं आमच्याकडे ठरलेलं आहे. एक आणायची, संपली की विषय संपला. फ्रीज भरून ठेवला असता तर मी रोज प्यायलो असतो, हे मला माहीत आहे.

चांद्याचा_माणूस:
मी चंद्रपूरचा, आता नागपुरात असतो. आमच्याकडे 2015 ते 2021 दारूबंदी होती. दुकानं बंद झाली, पिणं थांबलं नाही. बाटली बाहेरच्या जिल्ह्यांतून यायची, दुप्पट-तिप्पट भावाने, आणि पोचवायला शाळेतली पोरं लागली होती. पोरगा एकदा त्या पैशाला लागला की वर्गात परत बसत नाही, हे मी पाहिलं आहे. साडेदहानंतर ब्लॅकमध्ये मिळते तो हाच धंदा, फक्त छोटा. ज्याला हवी त्याला ती मिळतेच. मग पावती देणाऱ्या दुकानातून का नको?

आणि ताई, वेळ मतदानावर टाकली तर उद्या मटणाच्या दुकानाचंही मतदान मागतील. बहुमताला आवडत नाही म्हणून कायदेशीर धंदा आखडता येतो का?

वर्धेची_लेक:
भाऊ, चंद्रपुरात पूर्ण बंदी होती. इथे दुकान सकाळी दहा ते रात्री साडेदहा, म्हणजे साडेबारा तास उघडं असतं. दोन्हींची तुलना नका करू. माझं माहेर वर्ध्यात. बंदी असूनही तिथे दारू मिळते, मान्य. पण घराच्या दारासमोर उजेडात बसून पीत नाहीत. बाईला तेवढाही फरक पुष्कळ असतो.

काउंटरवरचा:
मी अशाच दुकानात काम करतो, दुसऱ्या भागात. मालकाचं झालं, गिऱ्हाइकाचं झालं, आमचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

साडेदहाला शटर पडलं तरी आम्ही सुटत नाही. स्टॉकचं रजिस्टर, गल्ल्याचा हिशोब, फ्रीज भरणं. अर्ध्या शटरखालून हात येतच राहतात. दहानंतर येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. पहिली बाटली घेणारा कमी, संपली म्हणून परत आलेला जास्त. बिअरला वय 21 लागतं, कडक दारूला 25. रात्री वय विचारलं की आईवरून शिवी. एका दिवसाचा विदेशी दारूचा परवाना 5 रुपयांना आहे, तो स्वतःहून मागणारा माणूस मला भेटलेला नाही.

24, 25 आणि 31 डिसेंबरला एकपर्यंत परवानगी मिळते. त्या रात्री पोलिसांची गाडी दर थोड्या वेळाने फिरते. साध्या मंगळवारी बाराला कोण फिरणार आहे? आणि मालक दुसरा माणूस ठेवणार नाही, मलाच थांबवेल.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट:
भाऊ, तुझं म्हणणं खरं आहे. मीही पाळीत काम करतो. पण मग दुसरी पाळी मागा, उशिराचा पगार मागा, दारात गार्ड मागा. प्लॉटला तारेचं कुंपण आणि मोठा लाइट मागा, त्याची सही मी आजच करतो. वेळच नको म्हणणं म्हणजे अडचणीला हात न लावता दुकानाला हात लावणं झालं.

निवृत्त_मास्तर:
आधी कुंपण, मग वेळ. उलट क्रमाने काही होत नाही. वेळ एका आदेशाने वाढते, कुंपणाला वर्षं लागतात. सरकारला महसूल हवाच आहे. जून 2025 मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं. पण लोक बोलले की फरक पडतो. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने 1,000 चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मान्यता दिली होती. ओरड झाली आणि ती वाईन कपाटात आलीच नाही.

मानेवाडाकर:
चांद्याचे भाऊ, मटणाच्या दुकानाला आडवी बाटली नसते. दारूचा धंदा मतदानाने बंद होऊ शकतो हे कायद्याने आधीच मान्य केलं आहे. मी त्यात फक्त वेळ जोडायला सांगते आहे.

शिफ्टवाले भाऊ, तुमची अडचण मला खोटी वाटत नाही. पण तुम्हाला हवी एक बाटली आणि कागद मागतो आहे रोजचा दीड तास, सगळ्यांसाठी. काउंटरवरच्या भाऊंनी दहानंतर कोण येतं ते सांगितलंच आहे. कागद माझ्या दारी परत आला की मी मागच्या बाजूला लिहिणार आहे: प्लॉटला कुंपण आणि दिवा, दहानंतर प्रत्येकाचं वय तपासणं, काउंटरवर दोन माणसं, आणि हे वर्षभर टिकलं तरच वॉर्डात गुप्त मतदान. त्याखाली बायकांच्या सह्या घेऊन एक्साईजच्या अधीक्षकांकडे आणि आमदारांकडे देणार.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट:
द्या. पहिल्या तीन गोष्टींवर माझी आणि माझ्या बायकोची सही घ्या. वर्षभर थांबायला मी तयार नाही, त्यामुळे दुकानदाराच्या कागदावरची सहीही मी काढत नाही. आणि मतदान घेतलंच तर रविवारी घ्या, इतर दिवशी आम्ही कंपनीत असतो.