उत्तर: स्टॅटिन आणि अंगदुखी
स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेताना पाय दुखले तर चार दिवस ती बंद करून बघा, हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला पटत नाही. परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि लघवी गडद तपकिरी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगातली ताकदच गेली, तर त्याच दिवशी फोन करा. स्नायू फार तुटायला लागले की किडनीवर येतं.

एक गोष्ट इथे राहून गेलीय. आई वर्षभर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेत होती, काही त्रास नव्हता. खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं आणि पाचव्या दिवशी तिला हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. या अँटिबायोटिकने अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारख्या काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) बरंच वाढलेलं निघालं. नशीब, आम्ही वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवलं. नवीन औषध लिहून घेताना स्टॅटिन चालू आहे हे आधी सांगा, दातांच्या डॉक्टरांनासुद्धा.